राखणीचा रविवार

इस्माईलचाचाच्या मनात काही नव्हतं. बिचारा सहज बोलून गेला. शनिवारी दुपारी राही पोलादपुरात प्रियासाठी लोखंडी पेटी घ्यायला गेली होती आणि येताना नाक्यावर त्याच्या दुकानात साबण नि खोबरेल तेलासाठी थांबली. भाची मिरजेला नर्सिंग शिकायला चाललीय, मंगळवारी हजर व्हायचंय, हे ऐकून म्हाताऱ्याला खरंच आनंद झाला. बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "हिला तरी जाऊ दे गो. तुझं तर पत्र येऊन पण तू गेली नायस."

"कसलं पत्र, चाचा?"

"मिरजेचंच. या दुकानात आलेलं. मीच नाय का महिपतीच्या हातात दिलं? बोललो, पेढे आण. तो बोलला, राहीचं मन नाय."

कापड्याला त्यांचं घर वस्तीपासून लांब, भातशेताच्या कडेला. म्हणून गोमाजी आजोबांच्या काळापासून घरचं टपाल इस्माईलच्या दुकानाच्या पत्त्यावर यायचं. चौदा वर्षांपूर्वी अर्जावर तोच पत्ता राहीने स्वतःच्या हाताने लिहिला होता. नव्वद सालच्या त्या पावसाळ्यात ती दर दोन दिवसांनी थोरल्या भावाला, महिपतीला, विचारायची, दादा, आलं का रे? तो म्हणायचा, नाय गो आलं. गणपती उलटले तशी ती विचारायची थांबली. आपण मुलाखतीत नापास झालो, आपलं इंग्रजी कच्चं पडलं, असं तिनं मनाशी धरलं आणि आईच्या खाटेजवळ जाऊन बसली. त्याच उन्हाळ्यात आईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. ती बसली ती चौदा वर्षं. आई या मे महिन्यात गेली तेव्हाच उठली.

साबण दुकानातच राहिला. पेटी मांडीवर घेऊन राही जीपमध्ये बसली आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. उद्या रविवार होता. उद्या राखण होती.

आता या घरातली राखण म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. गोमाजी आजोबा गावचे राखणे. भात पिकायला लागलं की चार खांबांच्या माळ्यावर बसून डबा बडवायचा आणि डुकरं, वानरं, पोपट हाकलायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. एका फिरत्या उपदेशकाच्या तोंडून त्यांनी पवित्र शास्त्र ऐकलं, प्रभूला धरलं, आणि चाळिशीत पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसले. गाव हसलं. आजोबा म्हणाले, हसा. शास्त्रातलं बाकी सगळं त्यांना समजलं की नाही कोण जाणे, पण सगळ्यात आधी आपल्या अंतःकरणाची राखण कर, हे वचन वाचलं आणि गडी हरखून गेला. राखण? हे तर आपलंच काम. देवाला कापड्याच्या शेतातलं कसं कळलं, असं ते लोकांना विचारत फिरले होते.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता सगळं घर पडवीत बसायचं. महाडला उपासनेला महिन्यातून एकदा जाणं व्हायचं, पण पडवीतली राखण कधी चुकली नाही. घरचा मोठा एकेकाला विचारायचा, "डुक्कर शिरलं का?" म्हणजे मनात. मग ज्याच्या मनात आठवड्याभरात जो वाईट विचार शिरला असेल तो त्यानं सांगायचा. हेवा, राग, लोभ, काय असेल ते. मोठ्यानं डोक्यावर हात ठेवायचा, वचन म्हणायचं, बाकीच्यांनी क्षमा करायची, आमेन म्हणायचं, संपलं. राहीचा धाकटा भाऊ मालोजी लहानपणी दर रविवारी एकच डुक्कर सांगायचा, शेजारच्या फणसाचं. आणि एक कायदा होता. पडवीत सांगितलेलं पुन्हा कधी काढायचं नाही. आजोबा म्हणायचे, हाकललेल्या डुकराचा माग काढू नये.

चांगली पद्धत होती, वाईट नव्हती. या पद्धतीनं घर एकत्र राहिलं. पण आजोबांच्या हातून एक गोष्ट सुटली होती, आणि ती राहीला शनिवारी जीपमध्ये लख्ख दिसली.

रविवारी चारच्या सुमाराला ऊन पडवीच्या कट्ट्यावर आलं. समोर भात पिवळं होऊन वाकलं होतं. राही माळ्यावरून उतरून आली आणि डबा नि काठी शेजारी ठेवून खांबाला टेकली. आजोबा गेल्यापासून मोठेपणाची खुर्ची महिपतीकडे होती. मांडीवर शास्त्र, नाकावर चष्मा, पांढरा सदरा. मालोजी भांडुपच्या एका सोसायटीत वॉचमन. घराण्याचा धंदाच तो. रजा काढून भातकापणीला आला होता. महिपतीची बायको चंद्रभागा वहिनी भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसली होती. गौरीच्या दिवसांत ती बांधावरून घसरली आणि खुबा मोडला. आता काठीशिवाय तिला चूल गाठता येत नव्हती. प्रिया आईच्या पायाशी बसली होती. आत तिची नवी पेटी अर्धी भरून तयार होती.

महिपतीने घसा साफ केला. "आज पहिलं माझंच सांगतो," तो म्हणाला. "आठवडाभर माझ्या मनात गर्व शिरला होता. पोरगी नर्स होणार, लोक मला काय म्हणतील, असा. प्रभूनं मला दाखवलं की हा गर्व हाय. चंद्रा अशी पडलेली. राहीनं आईचं चौदा वर्षं केलं, आता परत तिच्यावर भार टाकायचा हे काय बरं नाय. म्हणून प्रिया यंदा जाणार नाय. आईजवळ राहील. पुढचं पुढं."

प्रियाने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. येणार कुठून? हे राखणीत सांगितलेलं होतं. राखणीत सांगितलेल्यावर उलट बोलायचं नसतं. केवढी सोय बघा. घरात बसून सांगितलं असतं तर पोरीनं भांडून घेतलं असतं, रडली असती, दोन दिवस जेवली नसती. पडवीत सांगितलं की तो आपोआप देवाचा शब्द झाला. आणि वर राहीचं नाव पुढं केलेलं, की राहीवर भार नको.

"म्हणा, आमेन," महिपती म्हणाला.

"थांब दादा," राही म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."

"तुझी पाळी येईल ना."

"माझी पाळी चौदा वर्षं येतेच हाय. आज मी विचारते. नव्वद सालच्या पावसाळ्यात, याच पडवीत, आजोबा त्या खुर्चीत बसले होते आणि तू एक डुक्कर सांगितलं होतंस. आठवतं?"

मालोजीने मान वर केली. "ताई, असं करायचं नाय. राखणीतलं परत काढायचं नाय. रूल हाय."

"रूल मला शिकवू नको. मी या घरात राहते, तू रजेवर येतोस." ती महिपतीकडेच बघत होती. "तू बोललास, राहीचं पत्र येऊच नये असं माझ्या मनात आलं. ती गेली तर आईचं कोण करणार म्हणून. आजोबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी, मी येडी, मला रडू आलं. वाटलं, माझा भाऊ किती सरळ, मनातलं काळं सुद्धा लपवत नाय. मी तुझे हात धरून बोलले, दादा, मी क्षमा केली. आमेन पण म्हटलं. म्हटलं ना?"

"म्हटलंस," महिपती म्हणाला. "मग झालं ना ते. आता कशाला?"

"काल इस्माईलचाचा भेटला."

महिपतीने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काच पुसायला लागला. स्वच्छ असलेली काच माणूस कधी पुसतो ते सगळ्यांना माहीत असतं.

"चाचा आता ऐंशीचा झाला," तो म्हणाला. "कोणाचं कोणाला लावतो. गेल्या महिन्यात मला सोनबा म्हणून हाक मारली."

"हो ना," मालोजी लगेच म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाचं काय घेऊन बसायचं? ताई, टेन्शन नको घेऊ. जुना मॅटर हाय. आई गेली त्याला सहा महिने नाय झाले, आणि आपण भांडत बसायचं?"

महिपतीला धीर आला. त्याने शास्त्र उघडलं. त्याला पान शोधावं लागत नसे. इब्री लोकांस पत्रातलं ते कडू मुळाचं वचन त्याने काढलं, की असं मूळ मनात रुजू देऊ नये, त्यानं पुष्कळ जण विटाळतात. आवाज शांत होता, मऊ होता. "राही," तो म्हणाला, "मनाची राखण कर गो. संशय हे पण डुक्करच हाय. आजोबांनी तुला हेच शिकवलं. आण डोकं इकडे." आणि त्याने हात पुढे केला.

तो हात बघून राहीच्या अंगाची आग झाली. त्या हाताखाली तिनं किती रविवार डोकं वाकवलं होतं. पोलादपूरच्या दवाखान्यात आईला घेऊन गेली की पांढऱ्या साडीतल्या बाया दिसायच्या. त्यांच्या वयाकडे बघून ती हिशेब मांडायची, ही माझ्या बरोबरची, ही माझ्या मागची. मग रविवारी पडवीत डोळे मिटून सांगायची, दादा, डुक्कर शिरलं, मत्सर शिरला. आणि हाच माणूस हाच हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणायचा, प्रभू तुला शांती देवो. एकदा नाही, दोनदा नाही. आजोबांच्या माघारी वर्षानुवर्षं चोर खुर्चीत बसून मालकिणीला क्षमा करत होता. कुठल्या तोंडानं? रात्री झोप कशी लागायची त्याला? आणि तीही लाज वाटून मान खाली घालायची, की आपलं मन किती वाईट, दुसऱ्याचं चांगलं आपल्याला बघवत नाही.

"हात खाली घे," ती म्हणाली.

महिपतीचा हात तसाच राहिला. तेवढ्यात भिंतीकडून वहिनीचा आवाज आला.

"त्या पत्रावर लाल शिक्का होता."

सगळे वळले. चंद्रभागा वहिनी मोडलेल्या खुब्यावर हात ठेवून समोर भाताकडे बघत होती.

"चंद्रा, तू गप्प बस," महिपती म्हणाला.

"गप्पच हाय मी. चौदा वर्षं गप्प हाय." वहिनीने पदर सारखा केला. "यांनी मला कागद दिला, बोलले चुलीत घाल. मला कुठं वाचता येतंय? घातला. लाल शिक्का होता म्हणून ध्यानात राहिलं. मग त्या रविवारी हे पडवीत बोलले, पत्र येऊ नये असं मनात आलं. तेव्हा मला कळलं मी काय जाळलं ते."

"वयनी," राही म्हणाली.

"मी का नाय सांगितलं, ते पण ऐक. मी काय साधी नाय. सासूबाईंचं हगणंमुतणं काढायला तू होतीस. तू गेली असतीस तर ते माझ्यावर आलं असतं. पोर चार वर्षांची कडेवर, शेत अंगावर. मी मनात बोलले, बरं झालं राही राहिली. हे डुक्कर मी कधी सांगितलं नाय. आज सांगते." तिने प्रियाच्या केसांवरून हात फिरवला. "आता तेच माझ्या पोरीला करताय तुमी. माझ्या हाडाचं निमित्त करून. माझं हाड माझ्याजवळ राहू द्या."

मालोजी कट्ट्यावरून उठला. दोन पावलं अंगणात गेला, परत आला. "दादा," तो म्हणाला, "हे खरं हाय?" आणि त्याचा मुंबईचा तोरा उतरला होता. महिपतीने नजर शास्त्रात घातली, तसा मालोजी राहीच्या खांबाजवळ येऊन खाली जमिनीवर बसला. खुर्चीच्या बाजूला आता कोणी उरलं नाही.

महिपतीने शास्त्र मिटलं. मग माणसं शेवटी जे करतात ते त्याने केलं. "मी घरासाठी केलं," तो म्हणाला. "आई आडवी पडलेली. चंद्राच्याने एकटीला झेपलं नसतं. बाई ठेवायची ऐपत नव्हती. मी काय मजा मारायला लपवलं? तू असतीस माझ्या जागी तर काय केलं असतंस?"

"मी विचारलं असतं," राही म्हणाली. "पत्र हातात देऊन विचारलं असतं, की राही, हे आलंय, आणि आई अशी हाय, आता तू काय करतेस? कदाचित मी राहिले असते रे. माझीच आई होती. एक वर्ष राहिले असते, पुढच्या वर्षी गेले असते. नायतर रडले असते आणि गेले असते. पण मी ठरवलं असतं. तू मला विचारलंच नायस. आणि वर मला नापास करून टाकलंस. चौदा वर्षं मी स्वतःला नापास म्हणून वागवलं, दादा. प्रिया इंग्रजीचं पुस्तक घेऊन यायची तर मी बोलायची, मला नको विचारू, मला येत नाय."

"मनात कडू धरून काय मिळणार तुला? शास्त्र बोलतं ना, मनाची राखण..."

"शास्त्रच काढू या." राही उठली, पुढे झाली, आणि त्याच्या मांडीवरचं शास्त्र उचलून प्रियाच्या हातात दिलं. या घरात मोठ्याच्या मांडीवरून शास्त्र आजवर कोणी उचललं नव्हतं. "प्रिये, फिलिप्पैकरांस पत्र काढ. चौथा अध्याय. मनात काय ठेवायचं त्याची यादी हाय तिथं. शुद्ध ठेवा, न्यायाचं ठेवा, प्रेमळ ठेवा, अशी मोठी यादी. आजोबांनी पाठ करून घेतलेली आपल्या सगळ्यांकडून. यादीत पहिलं काय हाय ते वाच."

प्रियाने शास्त्र मांडीवर घेतलं. पानं उलटली गेली, परत उलटली. "जे काही सत्य आहे ते," तिने वाचलं.

"पहिलं तेच. प्रेमळ नंतर हाय, खूप खाली हाय. तू मला दर वेळी खालून वाचून दाखवलंस, दादा. मन राख, मन राख. मन राखायचं म्हणजे तोंड दाबायचं, असं कुठं लिहिलंय दाखव. माझ्या शेतात चौदा वर्षं खोटं उभं होतं आणि मी त्याची राखण करत होते."

समोर भातावर पोपटांचा थवा उतरला होता. हिरवी पाठ, चोचीत लोंबी, असे शंभर तरी असतील. एरवी कोणीतरी ओरडत धावलं असतं. आज कोणी उठलं नाही.

"आता विचारते," राही म्हणाली. ती खुर्चीसमोर उभी होती. "आजोबांची एक चूक झाली. आत काय शिरलं तेवढं ते विचारायचे. त्यानं लोंब्या किती खाल्ल्या ते त्यांनी कधी विचारलं नाय. साधा माणूस. त्यांना वाटलं, ज्यानं विचार सांगितला त्यानं सगळं सांगितलं. तू त्यांच्या या साधेपणावर बसून राहिलास. डुक्कर शिरलं ते तू नव्वद साली सांगितलंस, दादा. खाल्लं किती, ते आज सांग."

महिपती खुर्चीत आखडून बसला होता. त्याने बायकोकडे पाहिलं, ती भाताकडे बघत होती. मालोजीकडे पाहिलं. मग पोरीकडे. प्रिया त्याच्याकडे अशी बघत होती, जणू आजवर तिनं त्याला कधी बघितलंच नव्हतं.

"पत्र आलं होतं," तो म्हणाला. "पडवीत बोललो तेव्हा ते आठ दिवसांमागंच जळालं होतं. मी... मला सांगायचंच होतं त्या दिवशी. तोंडातून अर्धंच निघालं. आजोबांनी हात ठेवला आणि तू क्षमा केली, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. मग बाकीचं कधी निघालंच नाय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता निघालं. आता तरी क्षमा कर, राही. म्हण आमेन."

खरं सांगायचं तर राहीचं मन क्षणभर हललं. सवय फार वाईट असते. जीभ आपोआप आमेनसाठी वळली होती. पण तिने ती आवरली.

"नाय," ती म्हणाली. "माझी क्षमा तू आधीच घेऊन ठेवलीस, विचाराच्या नावावर. ते चौदा वर्षांपूर्वीचं आमेन मी आज परत घेते. नवीन कधी द्यायचं, ते माझं मी नि प्रभू बघून घेऊ. तुझ्या खुर्चीतून नाय मागायचं."

"आणि चंद्राचं?" तो म्हणाला. एवढं झाल्यावरही त्याला तेच सुचलं. "चूल, पाणी, शेत?"

"उद्या सकाळी पहिल्या गाडीनं मी प्रियाला घेऊन मिरजेला चालले. तिला पोचवीन. तिथं मोठ्या वयाच्या बायकांना आयाचं, मदतनीसाचं काही शिकवतात का, ते बघीन. परत कधी येईन ते मला ठाऊक नाय. मालोजी कापणीपुरता हाय. वयनीची चूल तू पेटव. पाणी तू तापव. उठवायला, बसवायला हात दे. जमतं ते, मलाही आधी येत नव्हतं."

वहिनीच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच पदराआड गेलं. "मीठ कमी घालतात हे," ती म्हणाली. "शिकतील."

प्रियाने शास्त्र कट्ट्यावर ठेवलं आणि पेटीचं उरलेलं भरायला आत गेली. मालोजी साबण आणायला इस्माईलच्या दुकानात जातो म्हणाला.

राहीने खांबाशेजारचा डबा उचलला, काठी उचलली, आणि दोन्ही महिपतीच्या मांडीवर ठेवली, जिथं शास्त्र असायचं तिथंच.

"पोपट बसलेत भातावर," ती म्हणाली. "जा."

महिपती उठला. पांढऱ्या सदऱ्यातच बांधावरून गेला आणि माळ्याची शिडी चढायला लागला. त्याला सवय नव्हती, दोनदा पाय घसरला. वर पोचून त्याने डबा बडवला तेव्हा थवा उठला, पण तो बसला होता तिथल्या लोंब्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. तरी तो बडवत राहिला. पडवीतल्या त्या रविवारच्या राखणीला आमेन कोणी म्हटलं नाही.